दोरा तुटला पाहिजे

गोधडीच्या वर्गात नवी आलेली बाई पहिल्याच दिवशी सुई मागते. मी द्यायची नाही. दोन दिवस तिला नुसता दोरा हाताळायला लावायची. बाया वैतागायच्या. "बाई, आम्ही काय पतंग उडवायला आलोय का?" असं एकीनं तोंडावर विचारलं होतं. पण हातानं गोधडी शिवायची तर सुईच्या आधी दोरा कळावा लागतो, हा माझा हेका होता आणि तो मी निवृत्त होईपर्यंत सोडला नाही.

आता वर्ग नाही, तेव्हा तुम्हालाच सांगते. दोरा घ्यायचा तो बोटाच्या टोकापासून कोपराच्या थोडा वरपर्यंत, जास्त नाही. सारखं ओवायला नको म्हणून बाया दोन्ही हात पसरून वावभर दोरा घेतात. मग तो कापडातून घासून घासून पिंजतो, गुंततो आणि शेवटी तासभर जास्तच जातो. रिळावरून जे टोक आधी सुटतं ते नेढ्यात ओवायचं आणि कापलेल्या टोकाला गाठ मारायची. उलट केलं की दोऱ्याचा पीळ सुटायला लागतो. टोक तिरकं कापायचं, म्हणजे थुंकी लावायची वेळ येत नाही. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घ्यायचा. गाठ बारीक मारून ती थरांच्या पोटात खेचायची, बाहेर दिसता कामा नये. आणि शेवट करताना एकाच जागी दोन उलटे टाके घालून उरलेलं टोकही पोटातच सोडायचं. झालं. सगळं शिक्षण एवढंच, बाकी धावदोरा काय, हात चालला की येतो.

दोऱ्याच्या ताकदीचा धडा मात्र मी सुरुवातीला शिकवत नव्हते, कारण तो मलाच ठाऊक नव्हता. तो मी ज्या दिवशी शिकले त्या एका दिवसाबद्दल लिहायचं आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बेलापूरला सरकारी कचेऱ्या येऊ लागल्या होत्या, निम्म्या इमारतींना प्लास्टर नव्हतं आणि वारा सुटला की भाकरीवर सिमेंट यायचं. आम्ही बार्शीकडचे, मिस्टरांच्या बदलीमुळं इथं आलेलो. आमच्याकडं गोधडी प्रत्येक घरात शिवतात, त्यामुळं मला ती येत होती, तेवढ्या भांडवलावर मी शिक्षिका झाले. शहरासाठी जमिनी गेलेल्या गावांमधल्या बायांच्या हाताला काम मिळावं म्हणून एका रिकाम्या गाळ्यात हा वर्ग काढला होता. अकरा बाया होत्या. त्या शिवायच्या आणि क्वार्टरमधल्या घरांतून ऑर्डरी यायच्या, त्यातही बाळगोधड्या जास्त. नव्या वसाहतीत सगळीच जोडपी तरुण, दर महिन्याला कुठं ना कुठं बारसं असायचंच.

मी मुळात भित्री आहे. बाळगोधडीत सुई राहिली तर, या विचारानं मला घाम फुटायचा. रोज पाच वाजता सुया मोजायच्या आणि आकडा जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा माझा नियम होता. एकदा एक सुई कमी भरली. अकरा बायांना मी जमिनीवर बसवून चिंधी न् चिंधी चाचपायला लावली, दोन तयार गोधड्या उसवल्या, आणि शेवटी सुई माझ्याच पदराला टोचलेली निघाली. बाया आठवडाभर हसत होत्या. हसू देत, मी म्हटलं. असं सगळं होतं, तरी मी भीत राहिले सुईला, आणि घात केला दोऱ्यानं.

हिराबाई माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. खाडीकाठच्या गावातली, पन्नाशीला आलेली, कष्टानं काटक झालेली बाई. भातशेती गेली तरी नवरा खाडीत जाळं टाकायचा, आणि फाटलेलं जाळं सांधायचं काम हिचं. त्यामुळं तिच्या बोटांना दोऱ्याची जी जाण होती ती मला जन्मात यायची नाही. फक्त आमचा सुती दोरा तिच्या हातात टिकायचा नाही. जाळ्याच्या सवयीनं ती टाका असा काही आवळायची की दोरा पटकन तुटायचा. "काय हा दोरा, बाई! ह्याच्यापरीस माजा केस बरा," असं ती म्हणायची.

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक आलं. निवृत्त गृहस्थ, नातीसाठी गोधडी नेलेली. ते पट्टी घेऊन आले होते आणि एका इंचात किती टाके, हे त्यांनी माझ्यासमोर मोजलं. मग गोधडीचं एक टोक मला धरायला लावून दुसरं स्वतः धरलं आणि रस्सीखेच केल्यासारखी ओढली. तटतट करून टाके तुटले. "हे तुमचं काम," असं म्हणून गोधडी टेबलावर टाकून ते निघून गेले. अकरा बायांसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी हिराबाईनं घरून एक गुंडी आणली. जाळ्याचा नायलॉनचा दोरा तिनं उकलून त्याचे पदर सुटे केले होते. केसासारखा बारीक, पांढरा, चकचकीत पदर. मी तो बोटांत धरून ओढला, मग दातात धरून ओढला. माझे दात दुखले पण तो तुटला नाही.

"ह्यो तुटाचा नाय, बाई. मासा तोरत नाय, त मानूस काय तोरल," हिराबाई म्हणाली.

"चालेल," मी म्हटलं. "यानंच शिव."

तिच्या जगात तुटणारा दोरा म्हणजे हातचा गेलेला मासा. तिनं तो दोरा आणला यात तिची काही चूक नव्हती. मी शिक्षिका होते, तेव्हा विचार मी करायला हवा होता. नायलॉन गुळगुळीत असतो, त्याची गाठ सरकते, टाके आतल्या आत सैल होतात आणि दोनचार धुण्यांनंतर त्याची वेटोळी बाहेर येतात, हे मला सुचायला हवं होतं. पण त्या गृहस्थांची पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. त्या दोऱ्यानं हिराबाईनं पाच बाळगोधड्या शिवल्या. पाचही मी स्वतः ओढून पाहिल्या आणि खूश झाले.

पुढं दीडेक महिन्यानं, सकाळी अकराच्या सुमाराला, मेघना बाळाला घेऊन वर्गात धावत आली. समोरच्याच क्वार्टरमधली मुलगी, त्या पाचांतली पहिली गोधडी तिची. तिचा मुलगा अडीच महिन्यांचा. त्याचं रडणं मला जिन्यातूनच ऐकू आलं. ते भुकेचं रडणं नव्हतं. मधेच त्याचा आवाज बंद व्हायचा, तोंड उघडंच राहायचं, आणि मग पुन्हा किंकाळी यायची.

"काकू, पहाटेपासून असंच करतोय. ग्राइपवॉटर दिलं, दृष्ट काढली, सगळं केलं. डॉक्टर पनवेलला गेलेत, दुपारी येणार. हे पण ऑफिसला गेलेत. मला खूप टेन्शन आलंय हो, तुम्ही बघा ना जरा!"

मी त्याला मांडीवर घेतलं आणि गोधडी सोडली. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट जांभळाएवढं फुगलं होतं आणि रंगही जांभळाचाच होता. बोटाच्या मुळाशी एक खोल वळी पडली होती, आणि वळीत काहीच दिसत नव्हतं. काही चावलं असेल, असं मला वाटलं, किंवा तसं वाटावं असं मला वाटलं.

हिराबाई वाकली. तिनं फक्त बोटाच्या मागून डोकावणारं पांढरं टोक चिमटीत धरलं. "बाई, दोरा हाय," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "माजा हाय."

मेघना किंचाळली. मी कात्री घेतली, पण टोक कुठं घालावं ते मला कळेना, आणि हिराबाईनं ती काढून घेतली. तिनं सुईची नेढ्याकडची बोथट बाजू त्या वळीत सरकवली, जाळ्याचा फास सोडवतात तशी दोऱ्याखालून वर उचलली आणि कात्रीचं टोक घातलं. तुटेना. दुसऱ्यांदाही कात्री त्याच्यावरून घसरली. मी मान फिरवली आणि भिंतीकडं बघत राहिले. बाळाची किंकाळी, मेघनाचं "देवा, देवा", आणि कात्रीचा बारीक आवाज, एवढंच ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा तुटला.

डॉक्टर दुपारी एकला आले. त्यांनी भिंगातून पाहून आत रुतलेलं आणखी एक वेटोळं काढलं. बोटाचा रंग हळूहळू परतत होता. "संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर बोट काढावं लागलं असतं," ते म्हणाले. दोऱ्याचा तुकडा त्यांनी उजेडात धरला. "लहान मुलाच्या पांघरुणाला असला दोरा कुणी वापरतं का? सुती असता तर पोरानं लाथा मारल्यावर आपोआप तुटला असता."

हाच तो धडा. गोधडीचा दोरा कापडापेक्षा कच्चा हवा. ताण आला तर आधी दोरा तुटला पाहिजे. टाका पुन्हा घालता येतो.

दवाखान्याच्या पायरीवर मी आणि हिराबाई उभ्या होतो आणि मला एकच दिसत होतं. आणखी चार गोधड्या, त्यांत चार बाळं, आणि त्यांतलं एखादं या क्षणी रडत असेल आणि आई त्याला ग्राइपवॉटर पाजत असेल. दोन गोधड्या बेलापुरातच होत्या, एक वाशीला. चौथी कुठं, ते मला आठवेना.

"चवथी कामोठ्याला हाय. मना ठाव हाय," हिराबाई म्हणाली.

"मग आधी बेलापूर, मग वाशी, मग कामोठे," मी ठरवून टाकलं. ती माझ्याकडं क्षणभर बघत राहिली आणि निमूट चालू लागली.

पहिल्या घरी गोधडी कपाटात होती, डांबराच्या गोळ्या घालून, जशीच्या तशी. "एवढी सुंदर, खराब होईल म्हणून वापरलीच नाही," आजी कौतुकानं म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. टाके पक्के करून आणते म्हणून तीही मागून घेतली. दुसऱ्या घरी बाळ गोधडीवरच झोपलं होतं. कसलं तरी माप घ्यायच्या निमित्तानं मी त्याची दहा बोटं एकेक करून पाहिली. बोटं ठीक होती, पण पायथ्याशी दोऱ्याचं एक वेटोळं बाहेर आलं होतं, करंगळी जाईल एवढं. शिवण सैल झालीय, दुरुस्त करून देते, असं सांगून मी ती काखोटीला मारली.

म्हणजे खोटं बोलायला मी तिथंच सुरुवात केली होती. मनाला मी समजावत होते की वर्गाचं नाव जाईल, ऑर्डरी थांबतील, अकरा बायांच्या हातचं काम जाईल. ते खरंही होतं. पण त्याच्याखाली दुसरी भीती होती. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, असला दोरा पास कुणी केला?

वाशीला बसनं पोचेपर्यंत तीन वाजले. तिथल्या बाई फटकळ होत्या. "गोधडीचा रंग जातोय, बदलून देते," मी म्हटलं.

"अहो, जाईना का! तो तिच्याशिवाय झोपतच नाही. नंतर बघू," असं म्हणून त्यांनी दार लावलं. आतून बाळाच्या कुरकुरण्याचा आवाज येत होता. मी बंद दारासमोर तशीच उभी राहिले. पुन्हा बेल वाजवायची, पण काय सांगायचं? दुसरं एखादं खोटं मी शोधू लागले.

तेवढ्यात हिराबाईनं मला बाजूला सारलं आणि दारावर थाप मारली. दार उघडलं.

"ताई, रंगाचा काय नाय. बाईंनी तुमाला खोटा सांगला. दोरा माजा हाय, जाल्याचा. पोराच्या बोटात गुततो न बोट काला होतो. आज सकाली एका पोराचा झाला. पयला पाय बघा, मंग मना शिव्या द्या."

त्या बाई आत धावल्या. आम्ही दोघी दारात. ते अर्धं मिनिट मला आजही मोजता येत नाही. मग त्या बाहेर आल्या, बाळ कडेवर, गोधडी दोन बोटांत धरलेली. बोटं ठीक होती. त्यांनी गोधडी आमच्या अंगावर फेकली आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं हे?"

"बाईंना ठाव नव्हता," हिराबाईच बोलली. "मीच वापारला, चोरून."

"असल्या अडाणी बायांना वर्गात घेऊच नका तुम्ही!" त्या मला म्हणाल्या.

"हो, बघते," मी म्हटलं. हे शब्द माझ्याच तोंडचे. लिहिताना लाज वाटते, पण तेच होते.

मग आम्ही कामोठ्याच्या वाटेची बस धरली. तिन्ही गोधड्या माझ्या मांडीवर होत्या. शेवटी मी विचारलं, "तसं का बोललीस गं? तू कुठं चोरून वापरलास?"

"तुमचा नाव गेला त वर्ग बंद होल. मंग सगल्यांचा काम जाल. माजा एकटीचा गेला त चालल." ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर मिठागरं मागं जात होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "कामोठ्याची गोधरी माज्या रंजूच्या पोराकं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रंजना तिची मुलगी. तिचा पहिला नातू, महिन्याभराचा. सकाळी अकरापासून ही बाई परक्यांच्या पोरांची बोटं बघत माझ्यामागं फिरत होती, आणि तिचा नातू त्याच दोऱ्यावर झोपला होता.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस? आपण आधी तिकडंच गेलो असतो!"

"तुमी म्हनल्या, आधी बेलापूर, मंग वाशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरची ती वाट मला अजून स्वप्नात येते. बस थांबत होती, माणसं रमतगमत चढत होती, कंडक्टर कुणाशी तरी गप्पा मारत होता, आणि मी मनातल्या मनात दर थांब्याला ओरडत होते. हायवेला उतरून गावापर्यंत चालायचं होतं, बांधावरून. हिराबाई पुढं होती. आधी ती चालत होती, मग भरभर, मग तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला आणि पन्नाशीची ती बाई अक्षरशः पळत सुटली. मी मागून धापा टाकत होते. कुठं बाळाचं रडणं ऐकू येतंय का, म्हणून मी कान देत होते. काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

घरापाशी पोचल्यावर मात्र हिराबाई अंगणात थांबली. पायरीवर पाय ठेवेना.

"बाई, तुमी बघा. माज्यान बघवाचा नाय."

रंजना ओटीवर तांदूळ निवडत होती. आमच्या अवताराकडं बघून ती उठलीच. "काय झाला?" मी तडक आत गेले. बाळ गोधडीवर जागं होतं आणि पाय झाडत होतं. डाव्या पायाच्या दोन बोटांभोवती तो पांढरा केस गुंडाळलेला होता. सैल होता. अजून आवळला नव्हता. बोटांवर फक्त लाल रेघ होती. मी श्वास रोखून तो बोटांवरून वर सरकवत काढला, आणि मग तिथंच जमिनीवर बसले.

"ठीक आहे गं, हिराबाई! ठीक आहे!" मी ओरडले. बाहेर बघितलं तर ती मातीत बसली होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

मग रंजनाला सगळं सांगावं लागलं. मी सांगितलं, मेघनाच्या बाळाचं, डॉक्टरांचं, जाळ्याच्या दोऱ्याचं. तिनं बाळाला छातीशी धरलं. त्याच्या पायावरची लाल रेघ ती पुन्हा पुन्हा अंगठ्यानं पुसत होती. हिराबाई ओटीच्या कडेला येऊन बसली होती. तिनं नातवाकडं हात केला, तसं रंजनानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आये, जाल्याचा दोरा कोनी सांगला तुला वापाराला?"

हिराबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. "कोनी नाय."

"मंग ह्याच्यापुरं माज्या पोराला तुना काय पन शिवाचा नाय. टोपरा पन नाय. आयकलास?"

"बरा," हिराबाई म्हणाली.

ती त्यानंतर वर्गात आली नाही, आणि मीही तिला बोलवायला गेले नाही. पण तो पुढचा भाग झाला. त्या वेळी मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. 'मी हो म्हटलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर मी वर्गात बडबड केली, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. रंजना आत गेली, चुलीवरचा चहा ओतून तिनं कप माझ्या पुढं ठेवला. मी तो घेतला, आणि चहा छान झालाय, असं म्हणाले.